'पानशेतच्या पुरात वाहून गेलं' : गंभीर गोष्टींवरचे विनोद, तुमचे अनुभव सांगा

मुठाकाठ

रविवारी सोसायटीच्या कार्यक्रमात एका मुलाने एकपात्री केलं. चांगलं केलं. पुणेकरांची दुपारची झोप, पाट्या वगैरे सगळं येऊन गेलं आणि मग तो पानशेतवर आला. तुम्हाला माहीतच आहे तो विनोद. घरात कधीच नसलेली कुठलीही वस्तू, "होती हो आमच्याकडे, पानशेतच्या पुरात वाहून गेली." पेशव्यांची सनद गेली, चांदीचं ताट गेलं, मॅट्रिकचं सर्टिफिकेट तर हमखास गेलं.

माझ्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ, आमचे मामा. १२ जुलै १९६१ ला दोघंही शनिवार पेठेतल्या एकाच वाड्यात होते. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मामा उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले ते कार्यक्रम संपेपर्यंत आत आले नाहीत.

नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगते. पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधून झालेलं नव्हतं, पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं आणि तरी पाणी अडवलं होतं. भराव खचायला लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती टाकून तो तोलून धरायचा प्रयत्न केला. सकाळी भराव गेलाच. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं, दुपारी तेही फुटलं. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली, नदीकाठच्या पेठा पाण्यात. आणि पूर ओसरल्यावर प्यायला पाणी नाही, कारण शहराला पाणी पुरवणारं खडकवासलाच रिकामं. वाड्यावाड्यांतले बुजत आलेले आड लोकांनी उपसून काढले.

सासूबाईंचं म्हणणं असं की हा विनोद पूरग्रस्तांनीच सुरू केला. ते लोक नंतर पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये राहत होते. रेशनचा माणूस आला की कागद मागायचा. कार्ड? पुरात गेलं. भाडेपावती? पुरात गेली. आणि ते खरंच होतं. मग एकदा त्यांच्या वडिलांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "आमचा हत्तीसुद्धा पुरातच गेला." रांगेतले सगळे हसले, तो रेशनवाला पण हसला आणि त्याने कार्ड लिहून दिलं. सासूबाईंसाठी तो विनोद म्हणजे त्यांचे वडील आहेत.

मामांना मी घरी आल्यावर काही विचारलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनीच सांगितलं. शाळेत त्यांच्या शेजारी बसणारा मुलगा त्या दिवशी गेला. बहिणीलासुद्धा हे माहीत नव्हतं.

मला वाटतं, किती वर्षं झाली याचा हिशेब इथे चालत नाही. साठ वर्षांनंतरही समोर कोण बसलंय ते बघावं लागतं. आणि विषय वर्ज्य करून तर सासूबाईंचं हसू काढून घेतल्यासारखं होईल, तेही मला नको आहे. म्हणून तुम्हाला विचारतेय. मरण, आजार, जात, अपंगत्व, दुष्काळ, कशावरचाही विनोद, कधी बरा वाटला, कधी लागला, ते लिहा. फक्त पक्षाचं राजकारण नको.

वाफाळता चहा

आजोबांचा दहावा. ओंकारेश्वर. कावळा काही केल्या शिवेना. मोठ्या काकांनी हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू. नाही. धाकटीचं लग्न करू. नाही. गावचं घर विकणार नाही. कावळा समोर बसलेला, बघतोय, पण येत नाही. ऊन वाढलेलं. शेवटी बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "अण्णा, तुमच्या रेडिओला कुणी हात लावणार नाही." आला ना लगेच!

सगळ्यात आधी आजी हसली. तिला हसताना बघून आम्ही. गुरुजीसुद्धा. एक लांबचे नातेवाईक चिडले, दहाव्याला दात काय काढता म्हणाले. आजी त्यांना म्हणाली, मी पन्नास वर्षं त्या रेडिओशी भांडले, आज तरी हसू द्या.

हळदीकुंकू

@वाफाळता चहा, डोळ्यांत पाणी आलं हो. आमच्याकडे शेवटी दर्भाचाच कावळा करावा लागला. गुरुजी म्हणाले, हल्ली खरे येतात कुठे.

जुना पुणेकर

मुठाकाठ, शनिवारातला कुठला वाडा? आम्ही नारायण पेठेत. पाणी माडीच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं, वडील सांगायचे. चिखल उपसायलाच किती दिवस गेले. नंतर आम्हाला लोकमान्यनगरला जागा मिळाली.

बुगडी

वाफाळता चहा, रेडिओ कुठला? मर्फी का?

वाफाळता चहा

बुश. अजून आहे. चालू आहे!!

परळची पायरी

माझ्या केमोच्या वेळी आम्ही परळला धर्मशाळेत राहत होतो. बायकांचा एक गट जमला होता, सगळ्यांच्या डोक्यावर रुमाल. त्यात सोलापूरच्या एक काकू होत्या. नवीन बाई आली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यापुढे जाऊन विचारायच्या, "न्हाणीघर मोकळं आहे, शिकेकाई देऊ का?" ती बाई गप्प. मग काकू स्वतःचा रुमाल काढायच्या. गोटा. बहुतेक बाया आधी रडायच्या आणि मग जे हसायच्या ते थांबायचंच नाही. मला तिथे पहिली झोप त्या दिवशी लागली.

घरी परत आले. पंक्तीत दीर म्हणाले, "वहिनी, शांपूचा खर्च वाचला बघा." जवळपास काकूंचाच विनोद. मी ताटावरून उठले. दीर वाईट नाहीत हो, माझ्या रिपोर्टांसाठी त्या माणसाने उन्हातान्हात खेपा घातल्यात. पण काकूंनी विचारलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. दिरांच्या होते.

काकू गेल्या पुढे. त्यांच्या मुलाचा फोन आला होता. शेवटच्या आठवड्यात पण वॉर्डातल्या नवीन मुलीला शिकेकाईचं विचारलं म्हणाला.

बुगडी

परळची पायरी, घट्ट मिठी. तुमची तब्येत आता कशी आहे?

परळची पायरी

उत्तम. केस कंबरेपर्यंत आलेत. आणि शिकेकाईच लावते.

एक वाटी भात

कोविड. एप्रिल २०२१. मी रेमडेसिविरसाठी मेडिकलच्या रांगेत, बाबा ऑक्सिजनवर आणि फॅमिली ग्रुपवर एकामागून एक ऑक्सिजनचे विनोद. पिंपळाचं झाड घेऊन मोटरसायकलवर निघालेला माणूस वगैरे. पाठवणारे माझे सख्खे काका, ज्यांना माहीत होतं मी कुठे उभी आहे. मी ग्रुप सोडला. बाबा चौथ्या दिवशी गेले.

२०२० मध्ये थाळ्या वाजवल्या तेव्हाचे विनोद मीच पुढे पाठवत होते, त्याचं मला काही वाटत नाही, तेव्हा सगळेच घाबरलेले होतो आणि सगळेच घरात होतो. २०२१ मध्ये काही जण घरात होते आणि काही जण रांगेत. कुकर झाला, नंतर लिहिते.

हळदीकुंकू

एक वाटी भात, काय बोलू. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याच महिन्यात दोघं गेले. शब्दच नाहीत.

रात्रपाळी

सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला होतो काही वर्षं. ड्यूटी रूममध्ये आम्ही जे बोलायचो ते इथे लिहिता येणार नाही. विष घेतलेला, भाजलेली, रेल्वेखाली आलेला, एका रात्रीत तिन्ही. लोकांना वाटतं डॉक्टर निबर झालेत. ज्या रात्री ड्यूटी रूममध्ये कुणी काहीच बोलायचं नाही त्या रात्री आमच्या मॅडम काळजीत पडायच्या, एकेकाला बाहेर नेऊन चहा पाजायच्या.

निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर होत्या, त्यांचा नियम आम्ही सगळे पाळायचो. दार लावायचं आणि पेशंटचं नाव घ्यायचं नाही. बेड नंबरसुद्धा नाही. यमावर बोला, बंद पडलेल्या लिफ्टवर बोला, स्वतःच्या उपाशी पोटावर बोला, पेशंटवर नाही. एकदा नवा इंटर्न कशावरून तरी बाहेर व्हरांड्यात खो खो हसला. समोर बाकावर तीन माणसं बॉडी मिळायची वाट बघत बसलेली. सिस्टरनी त्याचा कान धरला नाही इतकंच. आत नेलं त्याला. मग स्वतः तांब्याभांडं घेऊन त्या माणसांजवळ जाऊन बसल्या, किती तरी वेळ.

तो इंटर्न आज एका तालुक्याच्या गावी फार चांगलं काम करतोय.

जुना पुणेकर

सिस्टर लोकांना खरंच सलाम. आमच्या आईच्या वेळी होत्या त्या पण अशाच.

निळी शाई

मला होस्टेलवर 'सरकारी जावई' म्हणायचे. प्रेमाने, त्यांच्या मते. वाढदिवसाचा केक कापताना पण. हसलो नाही की "अरे मस्करी कळत नाही का तुला." मार्क चांगले पडले तरी तेच, कमी पडले तरी तेच. कँपसला पहिल्या फेरीत माझी निवड झाली, मुलाखतीला कुठलीही सवलत नव्हती, त्या रात्रीही तेच वाक्य. सगळे हसले. माझा रूमपार्टनर हसला नाही. तो आजही माझा मित्र आहे, बाकी कुणाचे नंबर माझ्याकडे नाहीत.

आता दुसरी बाजू. माझे पणजोबा जलशात, म्हणजे आंबेडकरी चळवळीच्या गाण्या-नाटकाच्या कार्यक्रमात, ढोलकी वाजवायचे. नाशिककडे भीमराव कर्डकांचे जलसे गाजत होते तो काळ. जलशाच्या फार्सात सावकार यायचा, भटजी यायचा, सावलीचा विटाळ मानणारा पाटील यायचा, आणि माणसं हसून लोळायची. पाणवठ्यावर शिवू न देणं, याहून गंभीर काय असतं? त्यावर हसायला म्हणून लोक गाड्या जुंपून यायचे आणि जाताना बाबासाहेबांचं म्हणणं ऐकून जायचे. आजोबांनी मला त्यातले संवाद म्हणून दाखवलेत, नक्कल करत. तेव्हा हसणारे लोक जमिनीवर बसलेले होते आणि ज्याच्यावर हसायचं तो गावातल्या मोठ्या घरात झोपलेला होता. होस्टेलवर ते उलटं झालं होतं.

खुसखुशीत

दोस्तांत चालतं हो. आम्ही तर एकमेकांना जातीवरून वाटेल ते म्हणतो. मला चिक्कू म्हणतात, मी काही मनाला लावून घेत नाही.

निळी शाई

तुम्हाला चिक्कू म्हटल्यामुळे मुलाखतीत तुमची डिग्री खरी आहे का असं कुणी विचारत नाही. घर भाड्याने देताना मालक आडनाव ऐकून 'कळवतो' म्हणत नाही. मला दोन्ही झालंय. विनोद तिथे संपत नाही, माझ्याबरोबर खाली रस्त्यावर येतो. राग नाही तुमच्यावर, विचारलंत म्हणून सांगितलं.

खुसखुशीत

हे असं कुणी सांगितलं नव्हतं आजवर. पटलं. फार्सातले संवाद आठवत असतील तर वेगळं लिहाल का? वाचायला आवडेल.

निळी शाई

आजोबांना विचारून लिहितो. ऐकू कमी येतं त्यांना, पण नक्कल अजून करतात.

वऱ्हाडी झटका

यवतमाळ जिल्हा. आमच्याकडं पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना बहुतेक माहीत नसल. एक जण चार ओळी म्हणतो, शेवटी सगळे 'हर बोला हर हर महादेव'. त्या चार ओळींत कापसाचा भाव येतो, सावकार येतो, आमदार येतो, दगा देणारा पाऊस येतो. कुणाला सोडत नाहीत. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, पुढं बोंडअळीनं कापूस खाल्ला. पुढच्या पोळ्याला झडतीत फवारणीचा पंप होता, अळी होती, न मिळालेला विमा होता. लोक हसले बाप्पा, लय हसले. कंपनीवर हसले, सायबावर हसले. ज्याच्या घरी मयत झाली होती त्याच्याच भावानं ती झडती रचली होती.

आता मी नोकरीसाठी पुण्यात. हापिसात एक जण म्हणाला, फ्लॅटचा हप्ता जड जातो, शेतकरी व्हावं म्हणतो, कर्ज तरी माफ होईल. दुसरा म्हणाला, नाही झालं तर फास आहेच. काहून हसावं मी त्यावर? १९ मार्च १९८६ ला आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको अन् चार लेकरांसह जीव दिला. आता दर १९ मार्चला लय जण अन्नत्याग करतात. मी पण त्या दिवशी डबा नेत नाही. कँटीनमधी कुणी विचारलं, डाएट का, तर बसून सगळं सांगतो. आधी एकच जण ऐकायचा. यंदा टेबलावरच्या चौघांनी खाल्लं नाही. त्यात तो फ्लॅटवाला पण होता.

मुठाकाठ

वऱ्हाडी झटका, झडत्यांबद्दल मला काहीच माहिती नव्हतं. खूप आभार. सगळ्यांचंच वाचतेय, उत्तर द्यायला वेळ होत नाहीये, घरी पाहुणे आहेत.

तळकोकणी

परंपरा म्हटली की सगळं माफ, असं मात्र नको. आमच्या शिमग्यात बोंब मारताना कुणाची गय नसते, सरपंच, मास्तर, मुंबईकर चाकरमानी. मजा असते. पण मी लहान असताना गावातल्या एका विधवा बाईच्या नावाने बोंब मारली, एका माणसाचं नाव जोडून. शिमगा आहे, मनाला लावून घ्यायचं नाही म्हणतात. म्हणणार कोण, ज्याच्या नावाने बोंब नाही तो. ती बाई मे महिन्यात घर लावून मुंबईला भावाकडे गेली. घर पडलं, आता तिथे नुसती जोती आहे.

नंतर मानकऱ्यांनी गावकीत ठरवलं, बाईमाणसाचं नाव घ्यायचं नाही. पाळतात. बोंबा कमी झाल्या नाहीत, उलट आता बायकाही ऐकायला बाहेर उभ्या राहतात.

बुगडी

तळकोकणी, यंदा पालखीला जाणार का? मला एकदा बघायचाय शिमगा.

तळकोकणी

या की. तिकीट मात्र आत्ताच काढा, कोकण रेल्वेची वेटिंग बघताय ना.

कोलोनकर

जर्मनीतून. आमचं शहर कार्निव्हलसाठी वेडं आहे, मिरवणुकीतल्या रथांवर राजकारण्यांचे पुतळे, कुणालाही सोडत नाहीत. २०१५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये व्यंगचित्रकारांना गोळ्या घातल्या. त्यानंतर इथल्या कार्निव्हलसाठी त्यावर एक रथ ठरला होता, व्यंगचित्रकार दहशतवाद्याच्या बंदुकीच्या नळीत पेन्सिल खुपसतोय असा. आयोजकांनी तो ऐन वेळी मागे घेतला. केवढा वाद झाला! माझं मत तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे, रथ निघायला हवा होता. तिथे चेष्टा मेलेल्यांची नव्हती, मारणाऱ्यांची होती.

२०२२ ला वेगळंच. युक्रेनवर हल्ला झाला तो दिवस म्हणजे २४ फेब्रुवारी, नेमका इथे रस्त्यावरचा कार्निव्हल सुरू होतो तो दिवस. पुढच्या सोमवारची मिरवणूक कोविडमुळे रस्त्याऐवजी स्टेडियममध्ये व्हायची होती, ती रद्द करून कार्निव्हलच्या आयोजकांनी रस्त्यावर शांतता मोर्चा काढला. अडीच लाख लोक होते. माझी एक सहकारी खारकिवची. ती विदूषकाच्या पोशाखात आली. मी विचारलं, हे घालून? म्हणाली, आईने शिवलाय, आणि आई आत्ता तळघरात बसलीये, तिला फोटो पाठवायचाय. लोकांच्या हातातल्या पुतिनच्या टिंगलीच्या पाट्या शोधून शोधून तिने फोटो काढले. प्रत्येक फोटोवर आईचा उलट निरोप यायचा. त्या दिवशी तिने मला युक्रेनी भाषेत तीन शिव्या शिकवल्या.

पत्रा

मी लिहावं का नाही ठरत नव्हतं. किल्लारीजवळचं गाव आमचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, त्याच्यावर मातीचा जाड थर. तेच अंगावर आलं. ओट्यावर, अंगणात झोपलेले वाचले. मी ओट्यावर होतो. आई आणि बहीण आत. जवळपास ८ हजार माणसं गेली त्या पहाटे, आमच्या गावात असं घर नव्हतं जिथून कुणी गेलं नाही.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मदत लई आली, देशभरातून. कपड्यांच्या गाठोड्यांत सुटाचे कोट निघाले. थंडीचे दिवस. म्हातारे माणसं धोतरावर कोट घालून शेळ्या राखायला जायची. माझ्या चुलत्याला सगळे 'कलेक्टर साहेब' म्हणायला लागले. ते पण मग शेळीला म्हणायचे, "फाईल घेऊन ये." दोन लेकरं गेलेली त्यांची. शेडमधी रात्री जमीन हलली की सगळे जागे व्हायचे, कुणी बोलायचं नाही, मग अंधारातून चुलत्याचा आवाज यायचा, "पत्राच हाय, पडू द्या." आणि हसू यायचं, आख्ख्या रांगेला. मी तेव्हा बारका होतो, त्या आवाजाशिवाय मला झोप यायची नाही.

एक फोटोवाला आला शहरातून. त्याला कोट घातलेला म्हातारा दिसला, हसला, फोटो काढला. छापून आला. खाली काहीतरी गमतीचं लिहिलं होतं. कुणीतरी पेपर आणून चुलत्याला दाखवला. त्यांनी कोट काढून ठेवला तो परत घातला नाही, थंडीत घोंगडं घेऊन बसायचे. आम्ही साहेब म्हणणं बंद केलं. वर्षभरानं एका लग्नात त्यांनीच विचारलं, "का रे, आता कलेक्टर म्हणीत नाहीत? बदली झाली का माझी?" तेव्हा परत सुरू झालं ते मरेपर्यंत.

५२ गावं नव्या जागी बसवली सरकारनं, त्यात आमचंही. घरं नीट आहेत. बाकी ठीक.

एक वाटी भात

पत्रा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. दोनदा वाचलं. मुलाला वाचून दाखवलं.

मुठाकाठ

पत्रा, तुमचं मामांना वाचून दाखवू का? त्यांना विचारलं तर म्हणाले, माझ्यासारखं आणखी कुणी आहे का त्यात. परवानगी असेल तरच.

पत्रा

वाचून दाखवा ताई. आणि त्यांच्या मित्राबद्दल विचारा त्यांना, कसा होता, काय खेळायचे. आम्हाला कुणी तसं विचारलं की बरं वाटतं.

अडखळत

इथे लिहिताना अडखळायला होत नाही म्हणून लांब लिहितोय. मी लहानपणापासून बोलताना अडकतो. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये, वगनाट्यात, आता टीव्हीवरच्या प्रत्येक विनोदी कार्यक्रमात एक तोतरा असतो. तो एका अक्षरावर अडकतो, शिवीसारखं काहीतरी तयार होतं, लोक हसतात. एवढंच त्याचं काम. त्याला घर नाही, मत नाही, त्याचं कुणावर प्रेम नाही. रांगेत तिकीट मागताना मी अडकलो की मागे उभं असलेलं कुणीतरी त्याच्याच आवाजात माझं वाक्य पुरं करतं. मला माहीत असतं ते कुठून आलं.

तरी मला विनोद आवडतात. आमचा अडखळणाऱ्या लोकांचा एक स्वमदत गट आहे, महिन्यातून एकदा भेटतो, तिथे जितकं हसतो तितकं मी कुठेच हसत नाही. एकाने पोलिसाला गाडीचा नंबर सांगितला त्याची गोष्ट, एकाने लग्नात नाव घेतलं त्याची गोष्ट. बायको आधी शेजारून म्हणून टाकेल म्हणून तो उखाणा गात म्हणाला, कारण गाताना अडत नाही. ती गोष्ट तो स्वतः सांगतो तेव्हा त्यातला शहाणा माणूस तोच असतो.

आता मुलीच्या शाळेचं गॅदरिंग आहे. नाटुकल्यात तोतरा वाणी आहे. मुलगी तिसरीत. ती मला म्हणाली, बाबा तुम्ही यायला नको. मी बाईंना पत्र लिहिलं. वाणी काढू नका, असं लिहिलंय. तो अडखळू दे. पण बाकीची पात्रं त्याच्या बोलण्यावर हसतात ती वाक्यं काढा, आणि उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाला पकडायची युक्ती त्याला द्या, जी आत्ता पाटलाच्या तोंडी आहे. प्रेक्षक मग गिऱ्हाइकावर हसतील. दोन पर्यायी संवाद लिहूनही दिलेत. बाईंनी गुरुवारी बोलावलंय. तोंडी बोलायचं आहे, मला वेळ लागतो, तसं त्यांना आधीच कळवलंय.

रात्रपाळी

युक्तीची कल्पना फार आवडली. गुरुवारी काय झालं ते कळवा.

हळदीकुंकू

अडखळत, ते पत्र इथे टाकता येईल का? आमच्या शाळेतही वाण्याचंच नाटुकलं बसवतायत. मी पालक प्रतिनिधी आहे, वेळ आहे अजून, तालमी सोमवारपासून.

अडखळत

टाकतो आज रात्री. शाळेचं आणि मुलीचं नाव काढून. संवाद हवे तसे बदला, फक्त युक्ती वाण्याकडेच राहू द्या.